लाल वर्तुळाचं दार

प्रभादेवी स्टेशनात उतरलात की गर्दीला पुढे जाऊ द्या. कुणी हातात जास्वंदीचा हार घेऊन सिद्धिविनायकाकडे निघालंय, कुणी काचेच्या इमारतींकडे धावतंय. काहीजण मात्र परळच्या दिशेने हळूहळू चाललेत, कारण त्यांच्या छातीशी टाटा हॉस्पिटलची फाईल आहे आणि सोबतच्या माणसाला भराभर चालवत नाही. त्यांच्यामागून चार पावलं टाका आणि मग पायाखालचं डांबर सुटू द्या.

टॉवर विरतात. त्यांच्या जागी गिरण्यांची धुराडी येतात. स्टेशनच्या पाटीवर एल्फिन्स्टन रोड असं नाव आहे. पश्चिमेला माडांची रांग, कोळ्यांची खोपटी, प्रभावती देवीचं देऊळ आणि त्यापलीकडे समुद्र उघडा दिसतो. सिद्धिविनायकाचं देऊळ अगदी लहान आहे आणि त्याच्यासमोर रांग नाही. साल १८९७, महिना एप्रिल. ऊन तुमच्या काळातलंच आहे, वास मात्र वेगळा. कार्बोलिकचा उग्र दर्प, ओल्या चुन्याचा वास, आणि त्या दोहोंच्या तळाशी काहीतरी कुजल्याची गोडसर घाण. गिरण्यांचे भोंगे वाजतात, पण फाटकाशी माणसं थोडी. नाक्यानाक्यांवर मुकादम उभे राहून कामगारांवर बोली लावतायत, रोजच्या रोज रोख मजुरी देऊ म्हणतायत. १८९१ च्या शिरगणतीत आठ लाखांवर माणसं मोजलेलं हे शहर गेल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मं रिकामं झालं. ज्याला गाव होतं तो बोटीने, बैलगाडीने, पायी निघून गेला.

हे सुरू झालं मांडवीत. तिथे धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसं. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या हडफड्याहून आलेल्या डॉक्टरने तिथल्या रोग्यांच्या जांघेतल्या गाठी पाहिल्या आणि ज्याचं नाव घ्यायला कुणी धजत नव्हतं त्या रोगाचं नाव घेतलं. व्यापार बुडेल म्हणून ते नाव अनेकांना नको होतं. व्हिएगस थांबले नाहीत. पुढे प्लेगची लस हाती आल्यावर त्यांनी जवळजवळ अठरा हजार लोकांना स्वतः ती टोचली. त्यांचा पुतळा तुम्ही मेट्रो सिनेमासमोर कितीदा तरी ओलांडला असेल.

पण आत्ता तुम्ही एका चाळीसमोर उभे आहात आणि इथे डॉक्टर नाही. दाराच्या चौकटीशेजारी लाल रंगाची वर्तुळं काढली आहेत. प्लेगची एक केस, एक वर्तुळ. खालच्या मजल्यावरच्या पहिल्या दाराशी तीन आहेत, दुसऱ्याशी एक. पलीकडच्या भिंतीवर ठळक इंग्रजी अक्षरांत यू. एच. एच. लिहिलंय, म्हणजे हे घर माणसांनी राहण्यालायक नाही असा सरकारचा निवाडा. कौलं उतरवून ठेवली आहेत, उजेड आत यावा म्हणून. जिन्याखाली एक उंदीर मरून पडलाय.

तुम्ही पाऊल मागे घेता, कारण तुम्हाला ठाऊक आहे. उंदराच्या अंगावरची पिसू उडते आणि चावते, हे पॉल-लुई सिमों नावाचा फ्रेंच डॉक्टर पुढच्या वर्षी कराचीत दाखवून देईल आणि त्यावर लोकांचा विश्वास बसायला आणखी वर्षं जातील. तुमच्या काळात या तापावर स्ट्रेप्टोमायसिन आहे, आणि वेळेत मिळालं तर माणूस बहुधा वाचतो. तुमच्या खिशात ते नाही. ज्ञान आहे, उपाय नाही. अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक वेळा दुसरीकडे बघतो. तुम्हालाही तसंच करावंसं वाटतं, आणि तेवढ्यात दुसऱ्या दारामागून आवाज येतो.

"कोण ता?"

दार लोटलेलंच आहे. आत अंधार. सहाजणांच्या वळकट्या भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या, पाचजण कोकणात निघून गेलेले, सहावा जमिनीवर. सावंतवाडीकडचा असावा. विशीतला. डोळे तांबारलेले, जीभ सुजलेली, एक पाय पोटाशी घेतलेला, कारण जांघेतली गाठ पाय सरळ करू देत नाही. तो तुमच्याकडे पाहतो. तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात आणि पुढे काय करायचं ते तुम्हाला सुचत नाही.

तुमच्या मागून चौकड्यांचं लुगडं नेसलेली एक बाई येते. पन्नाशीची, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. पलीकडे पोर्तुगीज चर्च आहे ना, पंधराशे शहाण्णव सालापासूनचं, त्याच्या आसपासच्या वाडीतली ही ईस्ट इंडियन. हिचं घराणं पोर्तुगीजांच्या काळात बाटलं, पण बोलणं मराठी, लग्नातली गाणी मराठी, शिव्याही मराठी. या बाईचं नाव कुठल्या दप्तरात सापडणार नाही. मी तिला कल्पनेने उभं केलं आहे. अशा बायांशिवाय ते वर्ष या वस्त्यांनी काढलं असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

ती तुम्हाला बाजूला सारत नाही आणि आतही जात नाही. उंबऱ्याशी उभी राहते.

"भाऊ, आत येऊ का?"

ज्याच्या दाराला वर्तुळ आहे, त्याची परवानगी गेल्या महिन्यात कुणी विचारलेली नाही. तो क्षणभर गोंधळतो. मग म्हणतो, "येवा."

ती आत जाऊन उकिडवी बसते. कपाळाला हात लावण्याआधी पुन्हा विचारते. "मी किरिस्ताव हाय. माझ्या हातचं पाणी चालंल का?"

आता तुम्ही श्वास रोखून धरता. मरणाच्या दारात जातीपातीचा हिशेब कसला, असं तुमच्या मनात येतं. पण तो तरुण मरायला टेकला असला तरी तो तोच आहे, त्याच्या आईने वाढवलेला. तो कोपऱ्याकडे बोट करतो. "माझ्या गडव्यातला दी."

बाईच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. ना राग ना उपकार केल्याचा भाव. ती उठते, कोपऱ्यातला गडवा घेते, त्याच्याच घागरीतलं पाणी त्यात भरते आणि वरून धार धरते. अर्धं पाणी गळ्यावरून ओघळतं. ती पदराने टिपत नाही, आधी त्याचाच पंचा शोधते. मी करुणेवर पुष्कळ वाचलंय, प्रवचनं ऐकलीत, पण माझ्या मते सगळं सार त्या गडव्याच्या धारेत आहे. माझ्या भांड्यातून प्यायलास तरच तुझी तहान खरी, अशी अट तिने घातली नाही. त्याच्या तहानेला तिने त्याच्याच नियमाने उत्तर दिलं.

ती उठता उठता तुमच्याकडे पाहते. "उभे काय? घागर रिकामी हाय. नळावरनं भरून आणा."

तुम्ही घागर उचलता. नळाशी जाऊन येईपर्यंत तुम्हाला कळतं की गेल्या काही मिनिटांत तुम्ही पिसवांचा विचार केलेला नाही.

दुपारी गस्तीची तुकडी येते. गेल्या महिन्यात ब्रिगेडियर जनरल गॅटॅकरच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आहे, त्याआधी फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आहे, आणि त्या कायद्याने सरकारी माणसाला कुठल्याही घरात शिरायची मुभा आहे. दारावर काठी आपटते. कुणी काही विचारत नाही. एक गोरा अधिकारी, दोन शिपाई, एक देशी मदतनीस. त्यांना क्रूर म्हणणं सोपं आहे आणि बहुतेकदा अन्यायाचंही. त्यांच्यातले कित्येक रात्रंदिवस राबतायत, त्यांनाही रोग होतो. पण ते रोगी शोधायला आलेत, माणसाकडे आलेले नाहीत, आणि तो फरक चाळीतल्या लहान पोरालाही कळतो.

तरुणाच्या डोळ्यांत जे दिसतं ते तापामुळे आलेलं नाही. त्याने ऐकलंय की इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याच्या डोक्यातून मोमियाई नावाचं औषध काढतात. त्याने हेही ऐकलंय की गेल्या ऑक्टोबरात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं, म्हणून राणीने माणसांची काळजं मागवलीत. या अफवा आहेत, पण अफवा रिकाम्या जागेत उगवत नाहीत. ज्या सरकारने तुमच्या दारावर कधी विचारपूस केली नाही ते सरकार एक दिवस डोली घेऊन येतं आणि नेलेला माणूस परत येत नाही, तेव्हा ती रिकामी जागा लोक आपल्या भीतीने भरतात. गेल्या २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती, ती याच भीतीपोटी.

"मी येते संगती," बाई त्याला म्हणते. मग अधिकाऱ्याच्या देशी मदतनिसाला म्हणते, "डोलीचा पडदा उघडा राहू दे. त्याला रस्ता दिसू दे."

पडदा उघडा राहतो. डोली उचलली जाते. ती डोलीच्या डाव्या अंगाने चालते, कारण त्याचं तोंड डावीकडे आहे. तुम्ही तिच्यामागे. रूळ ओलांडून परळकडे जाताना ती त्याला नाक्यांची नावं सांगत राहते, आता हे आलं, आता ते आलं. तो बोटं डोलीच्या दांड्यावर घट्ट धरून आहे.

ज्या वास्तूसमोर डोली थांबते तिचं आयुष्य मोठं विलक्षण. पोर्तुगीज काळात इथे पाद्र्यांचा मठ आणि प्रार्थनास्थळ होतं. इंग्रजांनी ते घेतलं, गव्हर्नरांचं निवासस्थान केलं, आणि जिथे मिस्सा होत असे तिथे मेजवान्या झडू लागल्या. आता गव्हर्नर मलबार हिलवर राहतात आणि या परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगचे रोगी आहेत. दोन वर्षांनी, १८९९ च्या ऑगस्टमध्ये, वाल्डेमार हाफकिन इथे आपली प्रयोगशाळा आणतील. याच जानेवारीत त्यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आहे. तुम्ही या इमारतीला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखता.

मुंबईतल्या प्लेगच्या इस्पितळांत डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या नन्स शुश्रूषा करतायत. बेल्जियममधल्या लिएज शहरात १८३३ मध्ये जान आझ या बाईने हा संघ उभारला आणि तिच्या नन्स १८६० च्या दशकात हिंदुस्थानात आल्या. वांद्र्याचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट त्यांचंच. तिथे मुलींना शिकवणं हे त्यांचं रोजचं काम. प्लेग आला तेव्हा ते शिकवणं सोडून काहीजणी इथल्यासारख्या वॉर्डांत उतरल्या. गाठ फुटली की पू धुवायचा, वांती काढायची, भ्रमात उठून पळणाऱ्या माणसाला धरून बसायचं. तुम्ही पाहता ती नन जेमतेम तिशीची आहे. तिचं मराठी तुटकं आहे, पण तिला आठ-दहा शब्द पक्के येतात आणि ते सगळे रोग्याच्या कामाचे आहेत. पाणी. दुखतं? कुठे? इथे? बस. मी आहे.

तो तरुण दुसऱ्या रात्री जातो. ते तुम्हाला अपेक्षितच होतं, तरी जीव गोळा होतो. शेवटी त्याने गावच्या देवाला हाक मारली, "रवळनाथा," आणि ती बाई त्याचा हात धरून नुसती बसून राहिली. बाहेर ओट्यावर आल्यावर तुम्ही तिला विचारताच. तुम्हाला विचारावंच लागतं, कारण तुम्ही ज्या काळातून आलात तिथे हा प्रश्न फार टोकदार झाला आहे. "त्याच्या कानात तुम्ही तुमच्या देवाचं नाव का नाही सांगितलंत?"

ती तुमच्याकडे नवलाने बघते. "त्याने त्याच्या देवाला हाक मारली. मधे मी कशाला बोलू? मी मोत मावलीला सांगितलं मनात, की ह्याला एकटं सोडू नको. कोणाचा का आसेना."

इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. सगळीकडे असं घडलं नाही. दुष्काळात भाकरीबरोबर बाप्तिस्मा पुढे आला, मरणाऱ्याच्या कपाळावर त्याला न विचारता पाणी शिंपडलं गेलं, अनाथ पोरांची नावं बदलली गेली. ज्यांनी हे केलं त्यांतल्या अनेकांचा हेतू निर्मळ होता, त्यांना खरंच वाटत होतं की आपण आत्मा वाचवतोय. तरी ज्याला नाही म्हणायचं बळ उरलेलं नाही त्याच्याकडून हो घेणं, याला मी करुणा म्हणणार नाही. आणि हा माझा निवाडा बाहेरून आणलेला नाही. येशूने सांगितलेल्या गोष्टीतच तो आहे.

यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर एक माणूस लुटला जातो, मार खाऊन अर्धमेला पडतो. याजक येतो आणि दुसऱ्या कडेने निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवेकरी, येतो, तोही जातो. मग येतो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, आणि वैराचं एक मोठं कारण हेच की देवाची उपासना कुठल्या डोंगरावर करायची. हा शोमरोनी त्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर जपतो, सकाळी मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो की आणखी लागले तर परतताना फेडीन. लूकच्या शुभवर्तमानात ती गोष्ट एवढीच आहे. डोंगराचा विषय निघतच नाही. जखमी माणूस बरा झाल्यावर कुठे उपासना करू लागला हे येशूने सांगितलेलं नाही, आणि ऐकणाऱ्याने विचारलेलंही नाही. प्लेगच्या वर्षात प्रभादेवीपासून परळपर्यंत डोलीच्या डाव्या अंगाने चालणारी बाई ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आली असणार.

आणखी थोडं मागे या, कारण या धाग्याचं एक टोक मुंबईतच आहे. डिसेंबर १८२७. बंदरात एका जहाजातून सिंथिया फॅरार उतरते. अमेरिकन मराठी मिशनने पाठवलेली, अविवाहित, एकटी. मुलींना शिकवायला. कोण पाठवणार आपल्या मुली तिच्याकडे? तरी ती गल्लीगल्लीतून आया-आज्यांशी बोलत शाळा जमवते. पुढे १८३९ मध्ये ती अहमदनगरला जाते आणि १८६२ मध्ये तिथेच देह ठेवते. मिशनच्या हिशेबात तिच्या आयुष्याचं फळ किती धरलं गेलं कोण जाणे. पण १८४८ मध्ये पुण्याचा एक तरुण तिची नगरची शाळा पाहायला येतो आणि परत जाताना त्याच्या डोक्यात एकच विचार असतो, आपल्याकडे हे का नाही. जोतीराव फुले त्याचं नाव. त्यांची पत्नी सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घेते ते याच फॅरारबाईंकडे.

जोतीराव आणि सावित्रीबाई ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांच्या कामाबद्दल जोतीरावांनी मोकळेपणाने कृतज्ञता बोलून दाखवली, पण १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि आपली वाट आपण आखली. फॅरारबाईंनी दिलेलं त्यांनी घेतलं आणि पुढे नेलं, आणि देणारीला जे वाटलं असेल त्यापेक्षा कितीतरी लांब नेलं.

तुम्ही परळच्या ओट्यावर बसला आहात त्याच्या आदल्याच महिन्यात पुण्याजवळ काय घडलं ते आता पाहा. सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने शहराबाहेर, हडपसरच्या बाजूला, माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडलाय. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक पोर तापाने फणफणलंय असं कळतं. त्या स्वतः जातात, त्याला पाठीवर घेतात आणि दवाखान्यापर्यंत चालत येतात. पोर वाचतं. त्यांना लागण होते. १० मार्च १८९७ रोजी त्या जातात. तुम्ही त्या वाटेवर त्यांच्यामागून चार पावलं चाललात तर तुम्हाला त्या पाठीवरच्या पोराचा हात लोंबताना दिसेल. कुणी त्यांना ख्रिस्ती करुणा म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती, आणि त्यांच्या त्या चालण्याला ख्रिस्ती म्हणून आपल्या खात्यावर मांडून घ्यायचा हक्कही कुणाला नाही. फॅरारबाई जिवंत असत्या तर त्यांनी तो सांगितला नसता, अशी माझी आशा आहे.

आणि त्याच पुण्याच्या परिसरात एक ख्रिस्ती बाई आहे, तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पंडिता रमाबाई. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते तुमच्या मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि त्या वादात दोन्ही बाजूंना काही सत्य होतं असं मला वाटतं. पण मे १८९७ मधल्या रमाबाई पाहा. पुण्यात रँडसाहेबाची प्लेग समिती घरं धुंडाळतेय. रमाबाईंच्या आश्रमातली एक मुलगी सरकारी प्लेग इस्पितळात नेली गेली आणि तिथे तिची अब्रू सुरक्षित राहिली नाही. रमाबाई गप्प बसू शकल्या असत्या. सरकार ख्रिस्ती, त्यांचे अनेक देणगीदार विलायतेत नि अमेरिकेत, आणि त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्यात, त्यांना रोज जेवू घालायचंय. त्यांनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिलं आणि इस्पितळातल्या बायकांची स्थिती उघड मांडली. पत्राचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटात उमटले. गव्हर्नर सँडहर्स्टने ते खोडून काढायचा प्रयत्न केला.

भुकेल्या मुलीला भाकरी देणं आणि त्या मुलीच्या अब्रूसाठी आपल्याच धर्माच्या राज्याशी भांडणं, या दोन गोष्टी रमाबाईंनी वेगळ्या मानल्या नाहीत. चर्चमध्ये आपण पहिली गोष्ट फार प्रेमाने सांगतो. दुसरी तेवढ्या प्रेमाने सांगत नाही, आणि त्याने पहिलीचंही वजन कमी होतं.

चला, आता पुढे. ओट्यावरून उठा. वर्षं भराभर जाऊ द्या. गिरगावात खोताच्या वाडीत प्लेगातून वाचलेल्यांनी उभारलेला क्रूस दिसेल, गल्लीच्या वळणावर, त्याच्यासमोर अजून संध्याकाळी मेणबत्त्या लागतात. १९२६ मध्ये परळला केईएम उभं राहतं, १९४१ मध्ये त्याच्या शेजारी टाटा मेमोरियल. गिरण्या वाढतात, मग १८ जानेवारी १९८२ ला संप होतो आणि धुराडी थंड पडतात. थांबा. इथे. १९८६.

टाटाच्या समोरच्या फुटपाथवर तीच माणसं आहेत जी तुम्ही सुरुवातीला पाहिलीत, फक्त त्यांच्या फायली जुन्या आहेत. काहींना दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत जागा मिळते. पण काहींच्या फायलीत आत्ताच एक ओळ लिहिली गेली आहे, की यापुढे उपचारांचा उपयोग नाही. त्यांना खाट रिकामी करावी लागते. रुग्णालयाचा यात दोष नाही, बाहेर बरे होऊ शकणारे रांगेत आहेत. पण ज्याला सांगितलंय की आता काही करता येणार नाही, तो दुखणं घेऊन कुठे जाईल? गावच्या घरात मॉर्फिन मिळत नाही. आदल्या वर्षीच अंमली पदार्थांचा नवा कायदा झालाय आणि त्याने ते मिळवणं आणखी कठीण केलंय.

टाटामधले कर्करोगाचे सर्जन डॉ. लुईस जोसे डिसोझा यांना हा प्रश्न सोडत नाही. सर्जनचं काम कापून बरं करणं, जे कापून बरं होत नाही ते त्याच्या हद्दीबाहेरचं. डिसोझा ती हद्द ओलांडतात. या वर्षी वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, ते शांती अवेदना सदन सुरू करतात. भारतातलं पहिलं हॉस्पिस. इथे कुणी बरं होण्यासाठी येत नाही. नन्स शुश्रूषा करतात, पैसे घेतले जात नाहीत आणि कुणाचा धर्म विचारला जात नाही. याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली आहे. दुखेपर्यंत थांबायचं नाही, घड्याळाच्या वेळेने औषध द्यायचं, तोंडाने द्यायचं, पायरीपायरीने वाढवायचं. ऐकायला कोरडं वाटतं, पण त्यामुळे आत एक माणूस आज कित्येक दिवसांनी झोपला आहे.

तो जागा झालाय. साठीचा, प्रभादेवीच्या एका चाळीतला, संपात नोकरी गेलेला. फुप्फुसाचा कर्करोग. भिंतीवर क्रूस आहे, आणि त्याच्या उशाशी साईबाबांचा फोटो, त्याच्या मुलीने ठेवलेला. सिस्टर केरळची आहे. ती दारावर टकटक करते आणि उत्तराची वाट पाहते.

"या," तो म्हणतो.

ती खाटेशी बसते. जेवण कालही तसंच परत गेलं होतं. "आज काय खायची इच्छा आहे?"

तो जरा लाजतो. मग सांगतो, कुळथाची पिठी आणि भात. आई करायची. सिस्टरने ती कधी चाखलेलीही नाही. ती तुमच्याकडे वळते, कारण तुम्ही दाराशी उभे आहात आणि तुमचं मराठी चांगलं आहे.

"तुम्हाला येते करायला?"

येते, तुम्ही म्हणता. पीठ लालबागला मिळेल, कोकणातल्या मालाच्या दुकानात. सिस्टर स्वयंपाकघरातल्या बाईंना हाक मारते, वही काढते आणि लिहून घेऊ लागते. तेल तापलं की लसूण ठेचून, मग मिरची, मग पाणी. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, नाहीतर गुठळ्या होतात. उकळी आली की दोन-तीन सोलं. पातळच ठेवायची, त्यांना गिळायला सोपं पडेल.

"मिरची किती?"

तुम्ही सांगणार तेवढ्यात ती पेन थांबवते. "थांबा, त्यांनाच विचारून येते," असं म्हणून ती उठते आणि पुन्हा त्याच्या दारावर टकटक करते.